थीम पार्कच्या डान्स पार्टीत जुनं गाणं लावून घ्यायचंय? मग या क्रमाने जा

दृश्य ठरलेलं असतं. पार्टी संपायला पाच मिनिटं उरलेली, डीजेच्या एका कानावर हेडफोन, आणि कुणीतरी गर्दीतून घुसून त्याच्या नाकासमोर मोबाईल धरतं. स्क्रीनवर व्हिडिओ चालू, वरती जाहिरात. "हे लावा ना, आमच्या कॉलेजच्या वेळचं आहे!" डीजे मान हलवतो आणि पुढचं ठरलेलंच गाणं वाजतं. मग परतीच्या वाटेवर चर्चा रंगते, की याला जुन्या गाण्यांची कदरच नाही.

कदर बहुतेक वेळा असते. फर्माईश चुकीच्या वेळी, अर्धवट माहितीनिशी आणि चुकीच्या माणसाकडे पोचलेली असते. चांगली फर्माईश डीजेचं काम वाढवत नाही, कमी करते. पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका. लोक थेट सहाव्या टप्प्यापासून सुरुवात करतात, तिथेच बिनसतं.

## टप्पा १ : पार्टी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

थीम पार्कमध्ये "डान्स पार्टी" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे बांधीव शो. गाणी, दिवे, पडद्यावरची चित्रं आणि कधीकधी आतषबाजीसुद्धा टाइमकोडवर बांधलेली असते. अमुक सेकंदाला अमुक दिवा लागणार, तमुक सेकंदाला कलाकार उडी मारणार. इथे एक गाणं बदललं तर अख्खा डोलारा कोसळतो, म्हणून फर्माईश कितीही गोड शब्दांत केली तरी उपयोग नाही.

दुसरी, निवेदक चालवतो ती. मुलांचे खेळ, "आता सगळे हात वर", मध्येच पार्कच्या पात्रांची एंट्री. यात दोन-तीन जागा मोकळ्या असतात, पण त्या डीजेच्या हातात नसून निवेदकाच्या हातात असतात.

तिसरी खरी जिवंत डीजे पार्टी. तुमचं काम इथे होणार.

ओळखायचं कसं? दहा मिनिटं बाजूला उभं राहून कानोसा घ्या. डीजे एक कान हेडफोनखाली ठेवून दुसऱ्या कानाने मैदान ऐकतोय, बटणं फिरवतोय, गर्दीकडे बघून गाणं मध्येच बदलतोय, तर तो जिवंत वाजवतोय. स्टेजवरच्या नर्तकांच्या हालचाली गाण्यातल्या प्रत्येक ठोक्याला चपखल बसतायत आणि दिवे अचूक त्याच क्षणी बदलतायत, तर तो शो आहे. काही ठिकाणी डीजेचा पोशाख केलेला माणूस निव्वळ अभिनय करत असतो. त्याच्याकडे फर्माईश घेऊन जाणं म्हणजे पुतळ्याला रस्ता विचारणं.

तपासा: प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्याला एकच प्रश्न विचारा : "इथे गाण्यांची फर्माईश घेतात का, आणि कुणाकडे द्यायची?" काही पार्कमध्ये त्यासाठी क्यूआर कोड, ॲप किंवा चिठ्ठ्यांची पेटी असते. तशी सोय असताना थेट कन्सोलकडे, म्हणजे डीजेच्या यंत्रांच्या टेबलाकडे, गेलात तर नकार नक्की समजा.

## टप्पा २ : आठवणीतलं गाणं आणि नाचायचं गाणं यांत फरक करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, आणि घरून निघण्याआधीच द्या.

जे गाणं ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी येतं, ते दोनशे अनोळखी लोकांना नाचवेलच असं नाही. पावसात खिडकीशी बसून ऐकलेलं गाणं मैदानावर लावलं, तर लोक पाण्याच्या बाटल्या शोधायला निघतात. म्हणून प्रत्येक गाण्याला तीन चाळण्या लावा.

चाळणी पहिली, वेग. घड्याळ समोर ठेवा, गाणं लावा, ठेक्यावर पाय आपटा आणि १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा. त्याला चारने गुणलं की मिनिटाचे ठोके मिळाले. नाचाच्या गर्दीत साधारण ११० ते १३० ठोक्यांची गाणी सहज चालतात. डीजे वेग थोडा वरखाली करू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. टेक्निक्स एसएल-१२०० या गाजलेल्या टर्नटेबलवरची (तबकडी वाजवायच्या यंत्रावरची) वेगाची पट्टी वर-खाली ८ टक्केच सरकायची. म्हणजे १२० चं गाणं ११० ते १३० च्या आत फिरवता येतं. आजची यंत्रं याहून जास्त ताणू शकतात आणि सूरही सांभाळतात, पण गायकाचा आवाज ओढलेला वाटायला लागतोच. त्यामुळे १२४ वर चाललेल्या मैदानात तुमचं ९० चं गाणं आलं, तर ते पुढच्या गाण्याला न जुळता मध्ये भिंतीसारखं उभं राहतं.

यात एक गंमत आहे. अगदी जुन्या गाण्यांत ठेका हातांनी वाजवलेला असतो, आणि हाड-मांसाचा वादक कडव्यात किंचित मागे राहतो, ध्रुवपदात उत्साहाने पुढे पळतो. ऐकताना त्यातच जीव वाटतो, पण डीजेला ते दुसऱ्या गाण्यात मिसळताना सारखं लक्ष ठेवावं लागतं. १९८० साली बाजारात आलेल्या लिन एलएम-१ आणि रोलँड टीआर-८०८ अशा ड्रम मशीनचा वापर पसरल्यावर असंख्य गाण्यांचा ठेका घड्याळासारखा झाला. म्हणून दोन गाणी तुम्हाला सारखीच प्रिय असतील, तर मशीनच्या ठेक्याचं आधी मागा. ते वाजण्याची शक्यता जास्त.

चाळणी दुसरी, गर्दीचं वय. माणसाला साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी सगळ्यात घट्ट आठवतात. मानसशास्त्रात याला रेमिनिसन्स बंप म्हणतात. याचा हिशेब सोपा आहे. मैदानावर चाळिशीचे पालक जास्त दिसत असतील, तर ते पंधरा वर्षांचे असताना, म्हणजे २५ वर्षांपूर्वी, गाजलेलं गाणं त्यांना पहिल्या दोन सुरांत ओळखू येईल. तुम्ही साठीचे असाल आणि गर्दी पंचविशीची असेल, तर तुमच्या तरुणपणातलं असं गाणं शोधा जे पुढे लग्नांत, सहलींत, गॅदरिंगमध्ये वाजत राहिलं आणि पुढच्या पिढीनेही उचललं. तशी गाणी असतात. फक्त ती तुमची पहिली आवड नसतात.

चाळणी तिसरी, शब्द. पार्क कुटुंबांचं ठिकाण. तेव्हा कानाला खटकले नाहीत असे शब्द आज शेजारी सहा वर्षांचं पोर उभं असताना भलतेच ऐकू येतात. गाणं आठवणीवर सोडू नका, शब्द समोर ठेवून पूर्ण वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात काय आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकच नसतं. कारण आयुष्यभर आपण मुखडाच गुणगुणत आलेलो असतो.

सावधान : मुखड्याआधी मिनिटभर बासरी किंवा व्हायोलिन वाजणारी गाणी टाळा. नमनालाच घडाभर तेल गेलं की मैदान रिकामं होतं.

## टप्पा ३ : गाण्याची नेमकी आवृत्ती पक्की करा

जुन्या गाण्यांच्या फर्माईशीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एका गाण्याच्या पाच-सहा आवृत्त्या सहज सापडतात : मूळ ध्वनिमुद्रण, आवाज साफ करून पुन्हा काढलेलं रिमास्टर, त्याच गायकाने वीस वर्षांनी पुन्हा गायलेलं, नव्या गायकाचं कव्हर, मैफलीतलं थेट, आणि रिमिक्स. डीजेने नाव शोधलं की यादीत सगळ्यात वर जे येईल ते लागतं, आणि हल्ली वर बहुतेक रिमिक्स येतं.

मी एकदा नुसतं चित्रपटाचं नाव सांगितलं. त्यात सात गाणी होती. निवेदकाने मोठ्या थाटात माझं नाव पुकारलं आणि वाजलं ते त्यातलं विरहाचं गाणं. अर्धं मैदान माझ्याकडे बघत होतं.

त्यामुळे चार गोष्टी टिपून ठेवा :

- गाण्याचं नाव. ते ठाऊक नसेल तर मुखड्याचे पहिले चार शब्द
- गायक किंवा बँड
- साल
- लांबी, मिनिटं आणि सेकंदांत

लांबीकडे कुणाचं लक्ष नसतं, पण आवृत्ती ओळखायची ती सगळ्यात झटपट खूण. ३:४० चं मूळ गाणं आणि ६:१५ चं क्लबसाठी वाढवलेलं गाणं डीजेला यादीत एका नजरेत वेगळं दिसतं. प्रत्येक अधिकृत ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा क्रमांकही दिलेला असतो, पण तो चिठ्ठीत लिहू नका. अंधारात कुणी वाचणार नाही आणि तुम्ही आयकर खात्यातून आला आहात असं वाटेल.

तपासा : टिपलेल्या माहितीवरून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते गाणं शोधायला सांगा. त्यांना एका झटक्यात तेच सापडलं तर डीजेलाही सापडेल.

## टप्पा ४ : चिठ्ठी तयार करा

तोंडी फर्माईश विसरा. स्पीकरशेजारी "स" आणि "श" तर सोडाच, "चार" आणि "बार" सुद्धा सारखे ऐकू येतात.

कागदाची चिठ्ठी उत्तम. पोस्टकार्डाएवढा जाड पांढरा कागद आणि काळा मार्कर. लाल शाई अजिबात नको. स्टेजवर लाल दिवे लागले की पांढरा कागद लाल दिसतो आणि लाल अक्षरं त्यात गडप होतात. चिठ्ठी कोरी वाटते, डीजे ती उलटी करून बघतो, तिकडेही काही नाही, आणि ती बाजूला पडते.

चिठ्ठीवर इतकंच :

> १. (गाण्याचं नाव), (गायक), १९८६, मूळ, ३:४०
> २. (गाण्याचं नाव), (गायक), १९९४, मूळ, ४:०५
> यांपैकी कोणतंही एक. केव्हाही चालेल.
> आम्ही १२ जण, स्टेजच्या उजव्या बाजूला.

शेवटच्या दोन ओळी गंमत म्हणून लिहायच्या नाहीत. "कोणतंही एक, केव्हाही" असं म्हटलं की निवड डीजेच्या हातात राहते. "१२ जण" वाचलं की हे गाणं लावल्यावर मैदानात निदान बारा माणसं नाचणार याची त्याला खात्री मिळते. डीजेला सगळ्यात मोठी धास्ती रिकाम्या मैदानाची असते, आणि ती दूर करणारी चिठ्ठी वर राहते.

दोन गाणी पुरेत, फार तर तीन. दहा गाण्यांची यादी दिली की एक ना धड, भाराभर चिंध्या.

मोबाईलवर दाखवणार असाल तर काळ्या पार्श्वभूमीवर मोठी पांढरी अक्षरं ठेवा आणि स्क्रीन झोपणार नाही अशी सेटिंग करा. डीजेच्या हातात फोन गेला, तेवढ्यात स्क्रीन बंद झाली आणि पासवर्ड मागायला लागली, म्हणजे विषय संपला.

## टप्पा ५ : वेळ गाठा

तासाभराच्या पार्टीत, गाणं पूर्ण वाजलं तर १५ ते १८ गाणी बसतात. डीजे कापून दोन-अडीच मिनिटं वाजवत असेल तर पंचवीसेक. त्यातली सुरुवातीची काही ठरलेली आणि शेवटची तीन-चार तर हमखास ठरलेली, कारण गर्दी कोणत्या मूडमध्ये बाहेर पडावी हे पार्कने आधीच ठरवलेलं असतं. म्हणजे फर्माईशीला जागा राहते ती मधल्या पट्ट्यात, आणि ती थोडी.

म्हणून पार्टी सुरू झाल्यावर दहा ते वीस मिनिटांत चिठ्ठी पोचली पाहिजे. त्याआधी डीजे आवाज जुळवण्यात आणि गर्दीचा अंदाज घेण्यात गुंतलेला असतो, त्यानंतर पुढची रांग त्याच्या डोक्यात लागलेली असते. मिरवणूक किंवा आतषबाजीच्या आधीच्या पंधरा मिनिटांत जाऊ नका. तेव्हा त्याच्या हेडफोनमध्ये दुसरंच कुणीतरी सूचना देत असतं.

आणि गाणं बदलतानाच्या क्षणी तर मुळीच नाही. हेडफोन कानाला दाबलेला, मान खाली, बोटं दोन्ही बाजूंच्या बटणांवर : तो पुढचं गाणं चालू गाण्याशी जुळवतोय. नवं गाणं लागलं, त्याने हेडफोन मानेवर टाकला, वर बघितलं, पाणी प्यायला, की तुमचं अर्धं-एक मिनिट सुरू झालं.

## टप्पा ६ : फर्माईश द्या

एकट्याने जा. सहा जणांचं शिष्टमंडळ आलं की सुरक्षारक्षकही येतो.

हातात सरबत, आइस्क्रीम काहीही नको. कन्सोलवर सांडलेल्या एका ग्लासाने अख्ख्या पार्टीचा आवाज बंद पडू शकतो, त्यामुळे ग्लास बघितल्यावर डीजेचं चित्त तुमच्या शब्दांवर नसून ग्लासावर असतं. पायाखालच्या वायरी बघा. समोरून वाकू नका, बाजूला त्याच्या नजरेच्या टप्प्यात थांबा. नजरानजर झाली की चिठ्ठी दाखवा, हसा, आणि बोलायचंच तर एक वाक्य : "जमलं तर यातलं एक लावाल का? नाही जमलं तरी हरकत नाही." चिठ्ठी ठेवा आणि निघा.

निघा म्हणजे खरोखर निघा. उत्तर ऐकायला तिथे घुटमळू नका. मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी उभं राहणं कानांनाही परवडणारं नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालतो, पण १०० डेसिबल असेल तर जेमतेम पंधरा मिनिटं. सोबत लहान मूल असेल तर त्याला कन्सोलपर्यंत नेऊच नका. "पोराला बघून नाही म्हणणार नाही" हा हिशेब मला तरी पटत नाही.

फर्माईश निवेदकाकडे द्यायची असेल तर चिठ्ठीत एक ओळ वाढवा : "आईचा ६० वा वाढदिवस" किंवा "शाळेतले मित्र ३० वर्षांनी भेटलोय". निवेदकाला माइकवर बोलायला काहीतरी हवंच असतं. मात्र प्रसंग खरा असू द्या. खोटा वाढदिवस जाहीर झाला, सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या आणि "वाढदिवसाच्या" माणसाला स्टेजवर बोलावलं, की पंचाईत तुमचीच.

सावधान : "माझ्या फोनमध्ये आहे, ब्लूटूथने जोडा" किंवा "पेनड्राइव्ह आणलाय" असं म्हणू नका. परक्या फोनवरचं गाणं हलक्या दर्जाचं असू शकतं, मध्येच कुणाचा तरी कॉल वाजतो, आणि सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्याचे हक्क पार्कने त्याच्या व्यवस्थेनुसार घेतलेले असतात. मंजूर यादीबाहेरचं काही वाजवायची डीजेला मुभाच नसते. पैसे पुढे करणं तर सगळ्यात वाईट. नोकरीवर असलेल्या माणसाला तुम्ही अडचणीत टाकता.

## टप्पा ७ : चिठ्ठी दिल्यानंतर

निदान वीस मिनिटं काहीही करायचं नाही. लांबून हात हलवणं नाही, मनगटावरचं घड्याळ दाखवणं नाही. डीजे तुमचं गाणं वेगाने जुळणाऱ्या दोन गाण्यांच्या मध्ये बसवायची जागा शोधत असेल.

अर्ध्या तासाने गाणं आलं नाही आणि पार्टी अजून बरीच बाकी असेल, तर एकदाच पुन्हा जाता येतं. पण तेच गाणं मागायला नको. "पहिलं जमत नसेल तर त्या काळातलं तुमच्या यादीतलं कोणतंही चालेल" एवढं सांगा. जुन्या गाण्यांच्या बाबतीत ही युक्ती फर्माईशीपेक्षा जास्त लागू पडते. डीजेकडे त्या दशकातली चार-पाच हुकमी गाणी नेहमीच तयार असतात, त्याला फक्त निमित्त हवं असतं. तुमचं नेमकं गाणं येणार नाही, पण त्याच्या शेजारचं येईल.

स्पष्ट नकार आला तर कारण विचारू नका. यादीत नसेल, मघाशीच वाजून गेलं असेल, शब्द चालणारे नसतील, किंवा त्या गाण्याने यापूर्वी मैदान रिकामं झालेलं त्याने पाहिलं असेल. यातलं काहीही स्पीकरशेजारी ओरडून समजावण्याजोगं नाही.

आणि गाणं लागलं तर? इथे चुकण्यासारखं काय असणार, असं मलाही वाटायचं. एका पार्टीत मी वरच्या सगळ्या पायऱ्या व्यवस्थित पार पाडल्या. काळा मार्कर, दोन गाणी, "आम्ही ९ जण, कारंज्याच्या बाजूला". पंचवीस मिनिटांनी मुखड्याआधीचा तो ओळखीचा ढोलक कानावर आला तेव्हा आम्ही नऊच्या नऊ जण आइस्क्रीमच्या रांगेत होतो, कारंज्यापासून निदान दोनशे पावलं लांब. धावत परत पोचेपर्यंत दुसरं कडवं सुरू झालं होतं. डीजे कारंज्याकडे बघत होता आणि तिथे एक सफाई कर्मचारी सोडला तर कुणी नव्हतं. दुसरं गाणं त्याने लावलं नाही, आणि मी मागायलाही गेले नाही.

तेव्हा चिठ्ठी देण्याआधी सगळ्यांची खाणी-पिणी आणि स्वच्छतागृहाच्या फेऱ्या उरकून घ्या, आणि चिठ्ठीत जी जागा लिहिली आहे तिथेच थांबा. पहिला ठोका पडला की पुढे जा, दोन्ही हात वर करा, आजूबाजूच्या अनोळखी लोकांनाही ओढा. मैदान भरलेलं दिसलं तर डीजे चिठ्ठीवरचं दुसरं गाणंही बाजूला काढून ठेवतो.